तीन दिवसांत चोवीस दारं

गुण्यामिस्त्री आयुष्यात कधी खोटं बोलले नाहीत, असं सगळी गल्ली सांगते. त्यांची बायको तेवढी सांगत नाही. विषय निघाला की ती शेंगा सोलत राहते, आणि सोलता सोलता एखादी शेंग अशी कडकन मोडते की ऐकणाऱ्याने काय ते समजून घ्यावं.

गुण्या हे काही त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. गुण्या म्हणजे सुताराचं काटकोन तपासायचं हत्यार. मिस्त्रींना ते पिशवीतून काढायची गरजच पडत नसे; एक डोळा बारीक केला की झालं. म्हणून लोकांनी हत्याराचं नाव माणसाला देऊन टाकलं. कोणाकडे चहाला गेले तरी कपाला हात लावायच्या आधी खिडकीकडे बघणार आणि म्हणणार, दोन सूत, म्हणजे पाव इंच, डावीकडे कललीय. झालं, त्या घराची खिडकीतून बाहेर बघायची मजा कायमची गेली. शेजारच्या शिंपीणबाईंनी लेक-जावयाचा फोटो भिंतीला लावला, तो वाकडा दिसतो म्हणून यांना बोलावलं. मिस्त्रींनी बघितलं आणि निकाल दिला की फोटो सरळ आहे, जावईच वाकडा उभा राहिलाय. शिंपीणबाई सहा महिने बोलत नव्हत्या. पुढे जावयाचे एकेक प्रताप बाहेर आले, तेव्हा स्वतःहून बोलू लागल्या.

तर अशा या डोळ्याच्या माणसाच्या हातात गल्लीच्या टोकाची शाळा होती. एकशे दहा वर्षांची दगडी इमारत. खाली बारा वर्ग, वर बारा, मधून जिना. त्याच्या पायऱ्या मधोमध इतक्या झिजलेल्या की पाणी ओतलं तर वाटीत राहावं तसं राहील. प्रत्येक वर्गाला एकच दार, पण दार म्हणजे दार. जाड, उंच, दोघांनी मिळून उचलावं असं. आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा. पाचवीचं दार खाली लाथ आणि वर खांदा असं एकदम दिल्याशिवाय उघडत नसे. सातवीचं आधी कडीला धरून वर उचलायचं, मग ढकलायचं. संगीताच्या वर्गाचं दार उघडताना असा सूर लावायचं की आतल्या बाई पेटी थांबवायच्या. शाळेच्या पहिल्या दिवशी जुनी मुलं नव्या मुलांना हात धरून वर्गावर्गांतून फिरवायची आणि कुठलं दार कसं उघडायचं ते शिकवायची. अभ्यास विसरला तरी चालेल, हे विसरून चालत नसे. या शाळेतून शिकून गेलेला माणूस मोठेपणी बँकेतसुद्धा काचेच्या दाराला खांदा लावायचा, आणि मग आतल्या माणसांची माफी मागायचा.

दारांचा वैद्य एकच, मिस्त्री. वर्षातून दोनदा रंधा घेऊन जायचे, इथे चार कापे काढायचे, तिथे एक पाचर मारायचे. दारं का अडकतात असं कोणी विचारलं तर पावसाळ्यात म्हणायचे, हवा दमट आहे. उन्हाळ्यात म्हणायचे, हवा कोरडी आहे. थंडीत कोणी विचारत नसे, म्हणून थंडीतलं उत्तर त्यांनी तयार ठेवलं नव्हतं.

खरं कारण त्यांना ठाऊक होतं. ते शेहेचाळीस वर्षं जुनं होतं.

युद्ध सुरू झालं त्या वर्षी सरकारने शाळा ताब्यात घेतली आणि आठ दिवसांत तिचं इस्पितळ केलं. फळ्यांवरची गणितं पुसून तिथे रोग्यांच्या तापाचे आकडे आले. चित्रकलेच्या वर्गात उत्तरेचा उजेड चांगला, म्हणून ऑपरेशनं तिथे. मुख्याध्यापकांच्या, म्हणजे मोठ्या सरांच्या, खोलीत मेट्रन बसू लागली. सरांची छडी खुंटीवर तशीच राहिली होती, आणि मेट्रन बोलता बोलता तिच्याकडे नुसतं बघायची. तेवढ्यावर डॉक्टरसुद्धा हात धुऊन यायचे म्हणतात.

जखमींच्या गाड्या यायला लागल्या आणि खाटा पुरेनात. तेव्हा मेट्रनची नजर दारांवर गेली. दोन बाकं समोरासमोर लावायची, वर दार आडवं टाकायचं, त्यावर गादी, झाली खाट. डॉक्टर तर खूशच झाले. पाठीचं हाड मोडलेल्या माणसाला लोखंडी खाटेच्या झोळीपेक्षा हे सपाट, टणक दार बरं. हुकूम सुटला, सगळी दारं उतरवा.

मिस्त्री तेव्हा तेवीस वर्षांचे. वडीलही सुतारच, पण त्यांच्या उजव्या हातावर ओंडका पडलेला, हात झोळीत. म्हणून शाळेत गेला तो पोरगा एकटा. निघताना वडिलांनी एकच गोष्ट सांगितली. ज्याने ही शाळा बांधली त्या सुताराने प्रत्येक चौकट हाताने केलेली आहे. कुठली दोन सूत रुंद, कुठली एका कोपऱ्यात जराशी कललेली. आणि ज्या चौकटीची जशी खोड, तसंच तिचं दार कापलेलं. म्हणून त्याने खालच्या बिजागरीपाशी चौकटीवर आणि दारावर पटाशीने सारख्या खाचा पाडून ठेवल्यात. उभी खाच म्हणजे एक, तिरकी म्हणजे पाच. दारं परत लावशील तेव्हा खुणा बघून लाव.

पोराने मान डोलावली आणि एका दिवसात चोवीस दारं उतरवली. दाराचं दुसरं टोक धरायला इस्पितळाच्या धुलाईतली एक मुलगी दिली होती. वीस वर्षांची, बाह्या कोपरापर्यंत वर, हाताला फिनेलचा वास. तिसऱ्या दाराला ती म्हणाली की मिस्त्री, तुमचं टोक खाली जातंय. उभ्या आयुष्यात याला वाकडा म्हणणारं ते पहिलं माणूस. त्या दिवसापासून मिस्त्रींचं दुसऱ्या कशात लक्ष लागेना.

इस्पितळ दीड वर्ष चाललं. दारं रोज फिनेलने पुसायची, आणि दर दोन-तीन महिन्यांनी दारांना, चौकटींना, भिंतींना सगळीकडे पांढरा ऑइलपेंट फासायचा, जंतू दिसावेत म्हणून. युद्ध संपलं, रोगी गेले. मोठ्या सरांनी जाहीर केलं की सोमवारी शाळा भरणार. तो दिवस होता गुरुवार, आणि चोवीस दारं अंगणात एकावर एक रचलेली, सगळी पांढरीफटक, एक झाकावं आणि दुसरं काढावं अशी. खाचा रंगाने पार भरून गेलेल्या. त्या बघायच्या तर चोवीस दारं आणि चोवीस चौकटी खरवडाव्या लागणार, म्हणजे आठवडा तरी गेला. मोठ्या सरांना तसं सांगता आलं असतं. सर ऐकणाऱ्यांतले होते.

पण व्हरांड्यात ती मुलगी शेवटच्या चादरींच्या घड्या घालत होती. तिने सहज विचारलं की आता कुठलं दार कुठलं, हे ओळखणार कसं?

"डोळ्यांनी," मिस्त्री म्हणाले.

बोलून बसले, मग काय. गुरुवार, शुक्रवार, शनिवार. घट्ट बसलं तिथे रंधा मारला, सैल बसलं तिथे चौकटीला आतून पट्टी ठोकली. शनिवारी दिवे लागायच्या आत चोवीसही दारं जागेवर होती. सोमवारी मोठ्या सरांनी भाषणात या जवान कारागिराचं नाव घेतलं, टाळ्या पडल्या, आणि 'तीन दिवसांत चोवीस दारं' ही गल्लीतली म्हणच होऊन बसली. कोणाचं काम रखडलं की लोक म्हणायचे, अरे, त्या मिस्त्रीने तीन दिवसांत चोवीस दारं लावली, तुला एक अर्ज लिहवत नाही? पुढच्या महिन्यात चादरींच्या घड्या घालणारीने मिस्त्रींशी लग्न केलं. तीच आपली काकू.

दुसऱ्या वर्षी पाचवीचं दार रंधताना रंगाचा पापुद्रा निघाला आणि खालून खाचा दिसल्या. एक तिरकी, तीन उभ्या. आठ. मिस्त्रींनी नखाने चौकट खरवडली. दोन तिरक्या, एक उभी. अकरा. त्यांनी आजूबाजूला बघितलं, कोणी नव्हतं. मग त्या दिवशी घरून रंगाचा डबा आणला आणि शाळा सुटल्यावर एकेक दार खरवडून बघत आणि परत रंग फासत गेले. एका दारावर खाच सापडलीच नाही, ती रंगात गडप झाली असेल म्हणून त्यांनी ते तसंच सोडलं. चोवीसातली पाच दारं आपल्या घरी होती. उरलेली एकोणीस दुसऱ्याच्या घरात पाहुणी म्हणून राहत होती, आणि कोणाचंच पटत नव्हतं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली की उद्या जाऊन सरांना सांगा. ते म्हणाले, सुट्टी लागू दे. सुट्ट्या लागल्या. पंचेचाळीस वेळा लागल्या. मोठे सर निवृत्त झाले, वारले. मिस्त्रींचे केस दाराच्या रंगाचे झाले. ते हवेला दोष देत राहिले आणि काकू शेंगा मोडत राहिली.

आणि मग यंदा इंजिनिअरबाई आल्या.

पालिकेने पाठवलेली तिशीतली मुलगी. खांद्याला पिशवी, हातात स्टीलची मोजपट्टी आणि ओळंबा, बोलणं मोजकं. जुन्या इमारती तपासायच्या आणि धोक्याच्या असतील त्या पाडायची शिफारस करायची, हे तिचं काम. तिने चार दिवस शाळेत घालवले. मुलांनी तिलाही दारं उघडायला शिकवलं, आणि तिने ते वहीत टिपून घेतलं, तिथेच घात झाला. चोवीसपैकी एकोणीस दारं एका कोपऱ्यात घट्ट आणि समोरच्या कोपऱ्यात फट. चौकटी काटकोनात नाहीत. वरच्या मजल्यावर गिलाव्याला दोन-तीन भेगा. यावरून कोणताही शहाणा इंजिनिअर जे म्हणेल तेच ती म्हणाली. पाया एका बाजूने खचतोय, भिंती सरकतायत, म्हणून चौकटी पिळल्या जातायत. अहवाल शुक्रवारी जाणार होता. सुट्टी लागली की शाळा रिकामी करायची, मुलं तीन वेगवेगळ्या शाळांत वाटून टाकायची, आणि इमारत पाडायची.

मुख्याध्यापिका, म्हणजे हल्लीच्या मोठ्या बाई, स्वतः याच शाळेत शिकलेल्या. त्यांनी हे गल्लीला सांगितलं तेव्हा त्यांचा आवाज शाळेच्या घंटेसारखा फाटला होता. लोक हळहळले, अर्ज लिहायच्या गोष्टी झाल्या. मिस्त्री मात्र घरी गेले आणि रंध्याला धार लावत बसले.

त्यांचा बेत साधा होता. शाळाही वाचावी आणि तोंडही उघडावं लागू नये. बुधवारी सकाळी ते शाळेत हजर झाले आणि मधल्या सुट्टीपर्यंत दोन दारं अशी रंधून टाकली की बोट लावलं तरी उघडावीत. तिसऱ्या दाराला हात घालणार तोच मागे इंजिनिअरबाई उभ्या. मिस्त्रींनी ऐटीत दार उघडून दाखवलं, मिटून दाखवलं. म्हणाले की आता कुठे अडकतंय? संध्याकाळपर्यंत सगळी अशीच करून देतो, तुमचं काम झालं.

"मिस्त्रीकाका," ती शांतपणे म्हणाली, "थर्मामीटर फोडला म्हणून ताप उतरतो का?"

मिस्त्रींनी रंधा पिशवीत टाकला आणि घर गाठलं.

काकूने तोंड बघूनच ओळखलं. त्यांनी सगळं सांगितलं आणि वर ठोकून दिलं की पालिकेच्या माणसांना लाकडातलं काय कळतं. काकूने समोरची टोपली बाजूला सारली.

"शेहेचाळीस वर्षं तुम्ही हवेला शिव्या घातल्यात. त्या हवेने काय घोडं मारलंय तुमचं? त्या मुलीने बरोबर मोजलंय. चुकीची दारं मोजली एवढंच. तिला ते कोण सांगणार, हवा?"

मिस्त्री म्हणाले की अगं, लोक हसतील. मोठ्या सरांनी भाषणात नाव घेतलंय माझं.

"हसू द्या. मी तर लग्नाच्या आधीपासून हसतेय," काकू म्हणाली. "शाळा राहिली तर हसायला लोक तरी राहतील गल्लीत. पोरं तीन दिशांना गेली की कोण राहणार आहे इथे?"

हे मात्र त्यांना लागलं. उरलेला दिवसभर ते अंगणात येरझारा घालत होते, आणि येणाऱ्या-जाणाऱ्या कोणाच्याही खिडकीला त्यांनी नाव ठेवलं नाही, यावरून काहीतरी गंभीर आहे हे गल्लीने ओळखलं.

गुरुवारी सकाळी मोठ्या बाईंच्या खोलीत इंजिनिअरबाई अहवालाची पानं लावत होत्या. मिस्त्री आत आले, टोपी काढून हातात धरली आणि एका दमात म्हणाले:

"बाई, इमारत बरोबर आहे. मी चुकलोय."

मग खाचांपासून व्हरांड्यातल्या चादरींपर्यंत सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. खुणा का बघितल्या नाहीत, असं इंजिनिअरबाईंनी विचारलं तेव्हा तेवढे अडखळले. काकू मागे दारात उभी होती, तिनेच उत्तर दिलं की माझ्यावर छाप पाडायची होती, दुसरं काय.

मोठ्या बाईंना हसावं की रागवावं कळेना. त्या म्हणाल्या की म्हणजे शेहेचाळीस वर्षं तुम्ही आम्हाला दाराला लाथा मारायला लावल्यात.

"शेहेचाळीस वर्षं आणि तीन दिवस," मिस्त्री म्हणाले. हिशेब चुकलेला त्यांना चालत नाही.

इंजिनिअरबाई हसल्या नाहीत. त्यांचं म्हणणं सरळ होतं. दारांची अदलाबदल झाली असेल, मान्य. पण चौकटीसुद्धा काटकोनात नाहीत, त्या मी दारांशिवाय मोजल्यात. त्याचं काय?

इथे मात्र मिस्त्रींची मान वर झाली. हा त्यांचा प्रांत होता.

"चौकट वाकडी आहेच. पण ती जन्मापासून वाकडी आहे, आणि तिचं दार तिच्याइतकंच वाकडं कापलेलं आहे. पाया खचला असेल तर चौकट आणखी पिळली असणार, आणि तिचं जुनं दार आज तिच्यात बसणार नाही. बसलं, तर ती भिंत एकशे दहा वर्षांत जागची हललेली नाही. मला नका विचारू, दाराला विचारा."

इंजिनिअरबाईंनी पेनाचं टोपण लावलं आणि विचार करून विचारलं की पण दारं तर तुम्ही रंधलीत, मग पुरावा कसला? मिस्त्री म्हणाले की मोठ्या चौकटीत गेलेल्या लहान दारांना रंधा लागलेला नाही, तिथे चौकटीलाच पट्ट्या ठोकल्यात. अशी सहा दारं आहेत, जशीच्या तशी.

ती उठली. म्हणाली, चला.

सोळा नंबरचं दार निवडलं. तीन तिरक्या, एक उभी. ते लटकत होतं खाली तिसरीच्या वर्गाला, आणि त्याची खरी चौकट वर, अगदी टोकाच्या खोलीत, जिथे इंजिनिअरबाईंना सगळ्यात जास्त कल आणि सगळ्यात लांब भेग सापडली होती. खचायचंच असेल तर इथेच खचलं असणार. मिस्त्रींनी मुद्दाम तीच निवडली. सोपी चौकट घ्यायला ते काय लेचेपेचे आहेत?

शिपाई आणि गणिताच्या सरांनी दार जिन्यावरून वर नेलं. खालून काकू सूचना देत होती, वरून मिस्त्री, आणि दोघांच्या सूचना एकमेकींच्या उलट असल्याने गणिताचे सर एका वळणावर पाच मिनिटं अडकून पडले. वरचं पाहुणं दार उतरवलं. मिस्त्रींनी चौकटीतली स्वतःच ठोकलेली पट्टी काढली, सोळा नंबर उभं केलं, आणि बिजागऱ्या टेकवल्या. लाकडातल्या जुन्या भोकांवर भोकं आली. एकही स्क्रू नव्या जागी मारावा लागला नाही. वर्गांतून मुलं माना काढून बघत होती, त्यांना कोणी हटकलं नाही.

मिस्त्रींनी दार ढकललं. दार आलं, आलं, आणि बोटभर अंतरावर थांबलं.

मोठ्या बाईंनी डोळे मिटले. शिपायाने उगाच खाकरून घेतलं. इंजिनिअरबाईंनी वही उघडली. मिस्त्रींनी मात्र परत ढकललं नाही. एक डोळा बारीक केला, खाली वाकले, आणि चौकटीच्या खोबणीवरून अंगठा फिरवला. अंगठा एका जागी अडला. रंगाचा गठ्ठा. वर शाळेचा तपकिरी, त्याखाली हिरवा, त्याखाली इस्पितळाचा पांढरा, थरावर थर, कोपऱ्यात गोठून दगड झालेला. पटाशीने त्यांनी तो फोडला, बोटाएवढा तुकडा खाली पडला. मग उठले आणि दार नुसतं सोडून दिलं.

ते आपल्या वजनाने गेलं आणि डब्याला झाकण बसावं तसं बसलं.

इंजिनिअरबाईंनी वहीतून एक जाड कागद फाडला आणि दाराच्या चारी बाजूंच्या फटीतून फिरवला. वर, खाली, बिजागरीकडे, कडीकडे. कागद सगळीकडे सारखाच सरकला. तिने परत फिरवला. मग मिस्त्रींकडे न बघताच म्हणाली की बाकीची पाचही बघायचीत, आणि अहवाल उद्या जाणार नाही.

पाचही बसली. भेगा वरच्या गिलाव्यातल्याच निघाल्या, गच्चीचं पाणी मुरून पडलेल्या. अहवालात तिने लिहिलं की पाया आणि भिंती स्थिर आहेत, गच्चीची दुरुस्ती करावी, दारं मूळ जागी बसवावीत. कारण या रकान्यात काय लिहू, असं तिने मिस्त्रींनाच विचारलं. त्यांनी सांगितलं की सुताराची चूक असं लिहा, आणि सुतार हयात आहे, दुरुस्त करून देतो, असंही लिहा.

गल्लीने त्यांना सोडलं असं नाही. चौकाचौकात चालू झालं की तीन दिवसांत चोवीस दारं, त्यातली बरोबर पाच. शिंपीणबाईंनी तर जावयाचा फोटो परत एकदा तपासून जायचं आमंत्रण दिलं. मिस्त्री कोणाला बधले नाहीत. म्हणायचे की रंगाने माखलेली दारं नुसत्या अंदाजाने लावली आणि पाच बरोबर आली, तुम्ही दोन लावून दाखवा. शिवाय चूक माझी, मान्य, पण ती सापडली कोणाला? मलाच ना?

सुट्टीभर ते शाळेत राबले. दारं खरवडून, आकडे वाचून, एकेक आपल्या घरी पोचवलं. ज्यांना पूर्वी जास्त रंधलं होतं ती आता अपुरी पडत होती; त्यांच्या कडांना नव्या लाकडाच्या पट्ट्या चिकटवाव्या लागल्या. जुन्या काळ्या लाकडावर त्या पांढऱ्या पट्ट्या उठून दिसायच्या. मोठ्या बाई जरा हळव्या. त्या म्हणाल्या की या अशाच ठेवू, इतिहास आहे हा, येणारा-जाणारा बघेल. मिस्त्री उखडले. मी काय इथे माझ्या चुकांचं प्रदर्शन मांडलंय का, रंगवून टाका, म्हणाले. रंगवल्या.

एका दारावर रंगाखाली नखाने किंवा खिळ्याने ओढलेल्या रेघा निघाल्या, ओळीने एक्केचाळीस, आणि पुढे काही नाही. दिवस मोजत पडलेला कोणीतरी. मोठ्या बाईंचा चेहरा पडला. काकूने रेघांवरून हात फिरवला आणि सांगितलं की याच्या चादरी मीच धुवायचे; बेचाळिसाव्या दिवशी हा उठून बसला आणि आता मला दारावर झोपवायचं नाही म्हणून मेट्रनशी भांडला. मेट्रनशी भांडून जिंकलेला तो एकटाच.

शाळा उघडली त्या दिवशी जो गोंधळ झाला तो सांगायलाच नको. मुलांनी सवयीने खाली लाथ, वर खांदा दिला, आणि पाचवीचा आख्खा वर्ग एकावर एक आत पडला. संगीताच्या बाईंना कोण कधी आलं तेच कळेना. दोन शिक्षकांनी तक्रार केली की पूर्वी उशिरा येणारं पोर दाराच्या आवाजाने पकडलं जायचं, आता मांजरासारखी येतात. मिस्त्री म्हणाले की हे माझ्या खात्यात येत नाही.

पण सातव्या चौकटीचं सांगायचं राहिलं. चोवीस चौकटी आणि चोवीस दारं, पण शेवटचं जे दार उरलं त्याच्यावर खाचच नव्हती. सगळा रंग काढला, उलटं करून बघितलं, काही नाही. मधोमध लाकडाच्या तुकड्याने बुजवलेली एक आडवी फट तेवढी सापडली. ती बघून काकूच म्हणाली की हे तर पोस्टाचं दार, ही पत्रं टाकायची फट. गर्दीच्या दिवसांत इस्पितळाने पोस्टाकडूनही दार मागून आणलं होतं. मग शाळेचं सात नंबर गेलं कुठे? तेही तिला आठवलं. पाठ मोडलेला एक जवान होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं की याला दारावरून हलवू नका. त्याला घरी पाठवायची वेळ आली तेव्हा दारासकट गाडीत घातला. दार परत पाठवायचं कोणाच्या लक्षात राहणार?

मिस्त्री पोस्टात जाऊन विचारून आले की तुमचं दार परत हवंय का. पोस्टमास्तरांनी काचेच्या दारामागून मान हलवली. तेव्हा शाळा उघडायच्या आधीच्या आठ दिवसांत मिस्त्रींनी सातव्या चौकटीसाठी नवं दार केलं. शेहेचाळीस वर्षं दुसऱ्याची दारं तासली; शाळेसाठी स्वतःचं केलेलं हे पहिलंच. चौकट चारी बाजूंनी तीन-तीनदा मोजली. वरच्या उजव्या कोपऱ्यात दोन सुतांचा कल होता, तेवढाच दाराला ठेवला.

लावायच्या आधी त्यांनी दार आडवं टाकलं आणि खालच्या बिजागरीपाशी खाचा पाडायला बसले. एक तिरकी, दोन उभ्या. पटाशी ठोकत गेले ते थांबेचनात. जुन्या सुताराची खाच नखाएवढी, यांची करंगळी जाईल एवढी. मग चौकटीवरही तशाच पाडल्या.

काकू पायरीवर बसून बघत होती. म्हणाली की एवढ्या खोल कशाला? परत इस्पितळ होणार आहे की काय?

"होऊ नये. पण झालंच, तर दारं उतरतील, वर रंग बसेल, आणि लावायला कोणीतरी पोरगा येईल." त्यांनी फुंकर मारून भुसा उडवला. "आणि व्हरांड्यात कोणीतरी घड्या घालत असेल."

काकू उठली, पदर खोचला, आणि दाराचं दुसरं टोक धरलं.